दगडाखालची कोरी वही

माझ्या वर्गात कुठं मोकळी सुई दिसली की मी ओरडते. परभणीतल्या आमच्या चित्रकलेच्या कॉलेजात शिपायापासून सगळ्यांना हे माहीत आहे. एकदा सतरंजीवर राहिलेली सुई एका पोराच्या तळपायात मोडली आणि ती काढायला दवाखाना गाठावा लागला, तेव्हापासून मी नियमच करून टाकला. वही शिवायचं काम अर्धं राहिलं तर दोरा तोडायचा नाही. उरलेला दोरा वहीभोवती आवळून गुंडाळायचा आणि सुई वहीच्या पाठीत खोचून ठेवायची. पोरं मागून माझी नक्कल करतात, "सुई कुठंय? पाठीत!" अशी. करू देत. नियम पाळतात एवढं मला पुरे होतं.

वह्या शिवायचं खूळ माझंच. दुकानातली स्केचबुकं पोरं विकत आणायची आणि त्यात चित्रंच काढायची नाहीत. चांगला कागद खराब होईल ही भीती. पहिलं पान तर कित्येकांचं वर्षभर कोरं. म्हटलं, स्वतःच्या हातानं शिवलेली वही असली तर खराब करायचीही हिंमत येईल. मग छापखान्यातली कागदाची कातरण आली, मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे आले. खळ आम्ही वर्गातच शिजवतो, मैद्याची, आणि कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालतो. दोरा लाल. व्यापाऱ्यांच्या चोपड्या शिवायचा जाड दोरा बाजारात एकाच दुकानात मिळायचा आणि तो त्याच रंगाचा होता. मेणावरून ओढला की हाताला छान लागतो.

आणि वरचं कापड ज्याचं त्याच्या घरचं. हा माझा हट्ट. कुणी बापाच्या धोतराचा तुकडा आणतं, कुणी आईच्या फाटक्या लुगड्याचा काठ. पालमकडच्या एका पोरानं खताच्या गोणीचं कापड लावलं होतं आणि ती वही वर्गात सगळ्यांत देखणी झाली होती. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी प्रत्येकाला घरी एक वही शिवून आणायला सांगितलं. साधं काम होतं. त्यातून काही वाईट निपजेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

सुट्टी संपली, वह्या आल्या, मी त्या टेबलावर मांडून कौतुक करत होते. एक मुलगी मात्र रिकाम्या हातानं आली होती. पिंगळी स्टेशनाच्या आत एक गाव आहे, तिथली ही. परभणीत वसतिगृहात राहायची. बोलायला कमी, हाताला फार चांगली. तिला मी विचारलं, "तुझी कुठं आहे?"

"वाळायला ठिवली मॅडम. पुढच्या येळेस आनते."

मी हूं म्हटलं आणि पुढं गेले. दोन-तीन दिवसांनी ती दुपारच्या सुट्टीत माझ्यापुढं येऊन उभी राहिली. तोंड उतरलेलं. म्हणाली, "मॅडम, माझी वही सापडली."

"हरवली कधी होती?"

त्यावर ती रडायलाच लागली. पाणी पाजून, बसवून, थोडं थोडं करून मी तिच्याकडून सगळं काढून घेतलं.

तिच्या घराशेजारी एक विधवा बाई राहते. मूलबाळ नाही, कुणी पुढं-मागं नाही. ही तिला मावशी म्हणते. मावशी गावाच्या वाकळा शिवते. आमच्याकडं गोधडीला वाकळ म्हणतात. घरोघरची जुनी लुगडी, साड्या, धोतरं तिच्याकडं येऊन पडायची आणि थंडीच्या आत वाकळ होऊन परत जायची. तिच्या घरात सगळ्या गावाच्या कापडांची गाठोडी असायची, ज्याच्या त्याच्या नावाची. मावशीच्या दुसऱ्या बाजूला एक शेतकऱ्याचं घर. त्या घरच्या सुनेला दिवस गेले होते. होणाऱ्या बाळासाठी छोटी वाकळ शिवायला तिनं आपली एक पोपटी साडी मावशीकडं दिली होती. त्या साडीच्या पदराचा एक तुकडा उरला. मावशीनं तो या पोरीला वहीवर लावायला दिला.

वही झाली. कापड चिकटवून झालं. आमच्या वहीला शेवटी बांधायचा बंद असतो, तो पुठ्ठा वाळल्यावरच शिवता येतो. तेवढंच राहिलं होतं. वसतिगृहात परत जायचा दिवस आला, वही ओलीच. पोरीनं माझा नियम पाळला. लाल दोरा वहीभोवती आवळून गुंडाळला, सुई पाठीत खोचली, आणि दाब बसावा म्हणून ती वही मावशीच्या परसात, धुण्याच्या दगडाखाली ठेवून ती गाडीला गेली.

तो दगड त्या शेतकऱ्याच्या गोठ्याच्या भिंतीला लागून होता.

सुनेला दिवाळीपासून ताप येत होता. उतरायचा, पुन्हा चढायचा. एका सकाळी तिची सासू भिंतीकडंच्या गोवऱ्या काढायला गेली आणि तिला दगडाखाली पोपटी कोपरा दिसला. सुनेच्या साडीचा पदर तिनं ओळखला. ओढून बघते तर वर लाल दोरा आवळलेला, पाठीत सुई टोचलेली, आणि कापडावर मोरचुदाचे निळे डाग फुटलेले.

पुढचं तिनं सांगायची गरज नव्हती. मराठवाड्यात वाढलेल्या कुणालाही नसते. आमच्या भागात भानामती हा शब्द बायका मोठ्यानं उच्चारतसुद्धा नाहीत. पदराचा तुकडा कुणी कापून नेला तर रात्रभर डोळा लागत नाही. मी पोरांना शिकवलेली एक एक गोष्ट, दोरा, सुई, दगड, घरचं कापड, जशीच्या तशी त्या भीतीच्या मापाची निघाली.

"मग मावशीनं सांगितलं नाही का, की वही आहे म्हणून?"

"सांगितलं की. पन कोनी तरी काठीनं कोपरा उचकटून बघितली. आत समदी कोरी. मंग लोक म्हनले, वही हाय तर अक्षर कुठं हाय? कोरी वही कोन शिवतंय?"

"आणि तुझ्या घरच्यांनी?"

तेही तिनं सांगितलं. गावकऱ्यांनी तिच्या बापाला बोलावून विचारलं होतं, तुझ्या पोरीची आहे का ही? बाप म्हणाला, मला काही ठाऊक नाही. आणि घरी येऊन त्यानं हिला फोन केला, "तू गप ऱ्हा. कोनीबी इचारलं तर तुला काय म्हाईत न्हाई. तुझं लगीन व्हायचंय अजून."

येत्या अमावास्येला एका जाणत्याला बोलवायचं ठरलं होतं. हे जाणते म्हणजे घरात काय शिरलं, कुणी घातलं, ते तांदळाचे दाणे टाकून सांगणारे. तो दाणे टाकणार आणि नाव सांगणार. कोणाचं नाव सांगणार ते गावाचं आधीच ठरून गेलं होतं. जिच्या घरात सगळ्या गावाचे पदर येऊन पडतात, जिला आगापिछा नाही, तिचंच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरीच झाली नव्हती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वाढले पूर्ण्याला, रेल्वेच्या क्वार्टरात. आमचं घर बौद्ध. आजोबांनी देव्हाऱ्यातले देव गोदावरीत सोडले ते सोडलेच, आणि वडिलांनी भुताखेतांनाही दाराबाहेर काढलं. रस्त्यात उताऱ्याचं लिंबू दिसलं की ते उचलून सरबत करायचे. त्या घरातून आलेली मी. मी तिथल्या तिथं तिच्या बापाला फोन लावला.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्याडम, तुमी यात पडू नगा. हितं कोनी कोनाला काय केलं न्हाई अजून."

त्या 'अजून'नंतर मी फोन ठेवला आणि सकाळच्या गाडीची वेळ बघितली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही पिंगळीला उतरलो. मी, ती मुलगी आणि तिच्याच वर्गातली दोन पोरं. बरोबर कागद, पुठ्ठे, लाल दोऱ्याचं रीळ आणि डब्यात शिजवलेली खळ. मुलीला मी आणायला तयार नव्हते, तीच आली. स्टेशनावरून आम्ही रिक्षा केली. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचायला माणसं दिसत नव्हती. रिक्षावाल्यानं विचारलं, "कोनाकडं?" मुलीनं मावशीचं घर सांगितलं, तेव्हा त्यानं आरशातून आमच्याकडं बघितलं आणि आम्हाला वेशीवरच उतरवलं. "रस्ता खराब हाय पुढं," म्हणाला. रस्ता चांगला होता.

गाव नेहमीसारखंच होतं, आणि त्याचीच भीती वाटत होती. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. हापशावर बायका होत्या, त्या आम्हाला बघून बोलायच्या थांबल्या. मुलीनं हळूच सांगितलं, मावशी पाण्याला आली की बाकीच्या आपापल्या घागरी उचलून निघून जातात. कुणी तिला वावगं बोलत नाही. नुसतं निघून जातात. मावशीच्या उंबऱ्यापुढं कुणीतरी राखेची रेघ ओढली होती. दार आतून बंद. मुलीनं कडी वाजवली तर आतून आवाज आला, "तू कामून आलीस गं पोरी? जा माघारी. तुला कोनी माझ्या दारात बघू नये."

दार काही तिनं उघडलं नाही.

वही परसातच होती. उचलायची कुणाची छाती झाली नव्हती. तिच्याभोवती राखेचं कडं, कापलेली लिंबं, आणि वर कोंबड्या झाकायचं डालं पालथं घातलेलं. मी पुढं होऊन डालं उचललं. खोटं कशाला बोलू, क्षणभर माझाही हात थांबला. तो टाका मी शिकवलेला होता. त्या खळीतला मोरचूद माझ्या पुडीतला होता. तरी ते पोपटी कापड, तो काचलेला लाल दोरा आणि उन्हात चमकणारी सुई बघून माझ्या मानेवर काटा आला. वडिलांची आठवण काढली आणि ती वही उचलली. मागून कुणीतरी बाई "अगं माय" असं म्हणाली.

शाळेच्या व्हरांड्यात आम्ही सतरंजी टाकली. हळूहळू माणसं जमली. बायका लांब, भिंतीला धरून. पुढं पोलीस पाटील खुर्ची टाकून बसले. मी त्यांना म्हटलं की असल्या गोष्टींविरुद्ध कायदा आहे. ते हसून म्हणाले, "हाय की म्याडम. आमी कुठं काय केलंय? एक बोट तरी लावलं का कोनी तिला?" चहा मागवला, माझी विचारपूस केली, गाव कोणतं, आडनाव काय. मी आडनाव सांगितलं. "अस्सं," म्हणाले. आडनावावरून जे कळायचं ते सगळ्यांना कळलं. मागून एक म्हातारा म्हणाला, "यायचा देवावर इस्वास न्हाई, यायला ह्यातलं काय कळनार?"

मी भांडायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात ती मुलगी उभी राहिली. माझ्या वर्गात जिला दोन वाक्यं बोलताना घाम फुटतो ती.

"ती वही माझी हाय," ती म्हणाली. "कापड मावशीनं दिलं, पन मीच मागितलं. दगडाखाली मीच ठिवली. मॅडमनी शिकवलंय तसं."

सगळ्यांच्या माना तिच्या बापाकडं वळल्या. तो व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि तिथून चालता झाला.

मग आम्ही वही शिवून दाखवली. पोरांनी कागद घडी केले, मी भोकं पाडली, मुलीनं दोरा मेणावरून ओढला. ती शिवत होती आणि सगळं गाव तिच्या हाताकडं बघत होतं. खळ बघायला दिली, मोरचुदाचा खडा दाखवला, तो तर शेतकऱ्यांच्या ओळखीचाच. दोरा गुंडाळला, सुई पाठीत खोचली. दगडाखालची आणि ही, दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. एकसारख्या. कुणीतरी म्हणालं, "हां, हाय खरं वहीच." दोघं-तिघं हसले. माझा जीव भांड्यात पडायला लागला.

एवढ्यात बायकांतून वाट काढत ती सून आली. अंगावर घोंगडं, डोळे खोल गेलेले. सासू मागून ओढत होती, तरी ती येऊन सतरंजीवर बसली आणि पोपटी वहीवरून तिनं बोट फिरवलं. "माझीच साडी," म्हणाली. मग मुलीला विचारलं, "ह्यात काय लिव्हायचं असतंय?"

"चित्रं काढायची असत्यात, वैनी."

"मंग काढ की," असं म्हणून ती थोडी हसली. तिचा हात मला लागला. तव्यासारखा तापलेला होता.

आता माझा आवाज चढला. इतके दिवस अंगारे लावत बसलात, हिला दवाखान्यात कुणी नेलं? पोटात लेकरू आहे. पोलीस पाटलांनाच मी कामाला लावलं. गाडी आली, सासू-सासरे बसले, मीही बसले, आणि दुपारपर्यंत आम्ही तिला परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेऊन दाखल केलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सलाइन लावलं, बाळ ठीक आहे म्हणाले. काही दिवसांत ताप उतरला. जाणत्याला निरोप गेला की येऊ नको. वर्गात पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही खुशीत होते. आपण जाऊन चार शब्द बोललो, वही शिवून दाखवली आणि एका बाईवरचं बालंट टळलं, असं मी घरी, स्टाफरूममध्ये, जो भेटेल त्याला सांगत सुटले होते.

ती मुलगी मात्र हसत नव्हती. गावाकडनं तिच्या आईचे चोरून फोन यायचे, त्यातून तिला कळत होतं. एके दिवशी तिनं मला सांगितलं. सासू गावभर म्हणत होती, "ते उचललं आन् सुनंचा ताप उतरला बगा." म्हणजे माझ्यामुळंच त्यांची खात्री पटली होती. डॉक्टर नाही, औषध नाही, सलाइन नाही. मी वही तिथून हलवली म्हणून ताप उतरला होता.

"पण वही आहे हे तर सगळ्यांनी मान्य केलं ना?"

"वही हायच म्हनत्यात, मॅडम. वही माझीच. पन म्हनत्यात, पोरीला काय कळतंय, कापड कोनाच्या हातून आलं ते बगा."

त्यानंतर बायका एकेक करून मावशीकडं गेल्या होत्या. भांडायला नाही. गोड बोलून. राहू द्या मावशी, यंदा वाकळ नको, पोरानं शहरातून ब्लँकेट आणलंय. राहू द्या, सासूबाईंची आठवण आहे ती साडी, घरातच ठेवते. आपापलं गाठोडं उचलून त्या परत गेल्या होत्या. शेवटी त्या सुनेचंही गेलं, अर्धी शिवलेली बाळाची वाकळ, सुईदोऱ्यासकट. ती तर सासूनं वेशीबाहेर नेऊन जाळली.

मला राग आला. पण राग काढायचा कोणावर? पोलिसांत जाऊन काय सांगणार होते, की बायकांनी आपल्या साड्या परत नेल्या? मुलीच्या बापाला मी पुन्हा फोन केला. या वेळी तो लगेच बोलला. "म्याडम, तुमी येता आन् जाता. आमाला हितंच ऱ्हायचंय." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

संक्रांत झाल्यावर मी एकटीच गेले. मुलीला सोबत घ्यायचं धाडस मला झालं नाही. उंबऱ्यापुढची राख गेली होती. दार उघडं होतं. मी आत गेले तर मावशी रिकाम्या घरात भिंतीशी बसलेली. पहिल्यांदाच तिला बघत होते मी. वयानं माझ्याहून फार मोठी नसावी, पण वाळून गेली होती. कोपऱ्यात एक चूल, एक घागर, दोन भांडी. बाकी घर मोकळं. चूल थंड होती.

"या बाई," म्हणाली. बसायला पोतं पुढं सारलं.

मी तिला पुष्कळ सांगितलं. परभणीत चला, आमच्या कॉलेजात कापडाचं काम आहे, पोरांना टाके शिकवा, मी राहायची सोय करते. मी बोलत होते आणि ती माझ्याकडं न बघता जमिनीकडं बघत होती. मला वाटलं तिला बाहेरच्या लोकांची भीती असेल. मी म्हटलं, "मावशी, तुमचा काही दोष नाही. हे सगळं थोतांड आहे. आता गावही मानतंय की ती वहीच होती."

"व्हय," ती म्हणाली. "वहीच व्हती."

 बाहेर हापशाचा आवाज येत होता. तो थांबला तेव्हा तिनं आपले दोन्ही हात माझ्यापुढं उघडून धरले. बोटांची टोकं सुईनं भोकं पडून पडून काळी झालेली.

"बाई, तुमी शिकलेल्या हाव. मला खरं सांगा. आवंदा मी जिचं जिचं शिवायला घेतलं तिच्या घरात कायबाय झालं. एकीचं वासरू गेलं. एकीचा नवरा पडला. ह्या शेजारच्या सुनंला ताप आला. मला तर काय येत न्हाई, मी कोनाचं वाईट चितलं न्हाई. पन मला न कळता," तिनं आवाज खाली आणला, "मला न कळता तर माझ्या हातात काय नसंल ना?"

 गावाशी भांडायची तयारी करून मी गेले होते. वाद, पुरावे, कायदा सगळं पाठ होतं. तिच्याशीच भांडावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मी पुढं सरकून तिचे हात घट्ट धरले. म्हटलं, "काही नाही हो. काही नाही तुमच्या हातात."

 मग तिनं विचारलं, "लेकरं हायेत तुमाला?"

"दोन आहेत."

तिनं हात झटकन ओढून घेतले आणि पदराखाली लपवले. "मंग नगा धरू," ती म्हणाली, आणि मला उठवून, घागरीतलं पाणी स्वतः हातावर ओतून, तिनं माझे हात धुवायला लावले.